चित्राची पाठ

इथे आखातात, करामा भागातल्या माझ्या फ्रेमिंगच्या दुकानात चित्र आलं की मी ते आधी उलटं करतो. पुढून काय, सगळीच देखणी दिसतात. कॅनव्हास कुजलाय का, खिळे गंजलेत का, ते पाठच सांगते. जुनी खोड आहे, जायची नाही.

त्या रशियन बाईंचं चित्रही मी तसंच उलटं करायला गेलो. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली.

“नो, प्लीज!”

मी वैतागलोच. चित्रात होतं काय, तर एक लाल त्रिकोण, काळा चौकोन आणि दोन तिरप्या पट्ट्या. भूमितीने मला शाळेत रडवलं होतं, तेवढीच आमची ओळख. म्हटलं, “मॅडम, पाठ बघितल्याशिवाय फ्रेम कशी करू?”

मग त्यांनीच ते हळूच उलटवलं. मागे एक मिशीवाला पुढारी होता, छाती फुगवून.

चित्र त्यांच्या पणजोबांचं. क्रांती झाली तेव्हा या त्रिकोण-चौकोनांना केवढा मान होता, त्या सांगत होत्या. पोस्टरांवर, भिंतींवर, कपबश्यांवरसुद्धा तेच. नवं जग असंच स्वच्छ, सरळ रेषांचं होणार, असं पणजोबांना मनापासून वाटायचं. पुढे सरकारचं मन फिरलं. आकार पुरे, पुढारी काढा, असा हुकूम आला. पणजोबांनी मुकाट्याने त्याच कॅनव्हासच्या मागे पुढारी रंगवला आणि ती बाजू दिसेल असं चित्र टांगलं. चौकोन खरवडून टाकायला मात्र त्यांचा हात धजावला नाही. एकदा जेवायला आलेल्या कुणीतरी चित्र सहज उलटून पाहिलं. थोड्याच दिवसांत पोलीस पणजोबांना घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. पणजीने चित्र गादीत शिवून टाकलं, म्हणून ते वाचलं.

आता मुलाला लढाईवर न्यायला नको म्हणून बाईंनीही देश सोडला होता. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना हे चित्र लावायचं होतं. चौकोन पुढे, पुढारी भिंतीकडे आणि चारही कोपरे स्क्रूने भिंतीला पक्के. कुणालाही ते उलटता येता कामा नये.

मघाशी चित्र उलटायला गेलेल्या माझ्याच हाताचा मला राग आला. तरी समजावलं, “ओनर ड्रिल करू देणार नाही, मॅडम. हुकवर लावा, खलास. तुमच्याकडे येऊन येणार कोण? मित्रमंडळीच ना?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “तेव्हाही मित्रच आला होता.”

मी फळीवरून ड्रिल मशीन खाली काढलं.