बदकांचा स्वेटर आणि नखाएवढं कार्ड

गल्लीत त्याला सगळे खटपट्या म्हणायचे आणि तोही बिनतक्रार ओ द्यायचा. उभा जन्म त्याने टाइपरायटर दुरुस्त केले. हत्यारांची पेटी खांद्याला लावून कचेऱ्या पालथ्या घातल्या. त्याचं म्हणणं एकच, अक्षर ओळीत बसलं पाहिजे. एखादा 'क' केसभर वर उडालेला दिसला की त्याला घास गोड लागत नसे. ही खोड पेटीत बंद करून ठेवता येण्यासारखी नव्हती. लोकांच्या घरी भिंतीवरचा फोटो कलता दिसला की याचा हात निघालाच. "अहो, आपण पाहुणे आलोय इथं," बायको दातांतल्या दातांत म्हणायची. तोवर फोटो सरळ झालेला असायचा.

टाइपरायटरचे दिवस भरत आले तेव्हा त्याने घरी एक कॉम्प्युटर आणला. त्या काळचा तो. दिसायला नुसता जाड कीबोर्ड. तोंड बघायचं तर टीव्ही जोडायचा आणि लक्षात काही ठेवायचं तर कॅसेटचा टेप. शेजारचा बसड्रायव्हर दारातूनच म्हणाला, "घरात टाइपरायटर कमी पडले म्हणून हा बिनकागदाचा आणलास होय?" त्यातून पोटापाण्याचं काही निघालं नाही, हे खरं. पण यंत्राला घरातच काम सापडलं.

बायको खिडकीपाशी विणकामाचं मशीन चालवायची. लांबलचक पट्टीवर कंगव्याच्या दातांसारख्या सुया आणि त्यांच्यावरून इकडून तिकडे सरकणारा गाडा. नक्षी हवी असेल तर प्रत्येक ओळीला कोणत्या सुया पुढे ढकलायच्या ते तोंडानं मोजत बसावं लागे. मध्येच दारावर कुणी आलं, दूध उतू गेलं, की मोजणी गेली आणि केलेलं उसवायची पाळी आली. खटपट्याने तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. टीव्हीवर एकेक ओळ दिसायची, कोणती सुई पुढे, कोणती मागे. बटण दाबलं की पुढची ओळ. आता दूध खुशाल उतू जावं, ओळ टीव्हीवर तिची वाट बघत बसलेली असे. बायको बाहेर कुणापुढे नवऱ्याचं कौतुक करणारी नव्हे. पण एवढं एक मात्र ती सांगायची.

गल्लीतल्या कितीतरी पोरांच्या अंगावर त्या ओळी चढल्या. त्यांतला लाडका स्वेटर या दोघांच्या मुलीचा. छातीवरून बदकांची रांग चाललेली आणि त्यांतलं एक बदक मान वळवून मागे बघणारं. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. हाताला धरून पुढे न्यावी, तर हिची मान मागे. कुत्रं दिसलं, मागे. सायकल गेली, मागे. बायकोने ती बदकं कागदावर काढलीच नव्हती. टीव्हीसमोर बसून, चौकोनामागून चौकोन भरत, हसत हसत काढली होती. मुलीनंतर स्वेटर मावसभावंडांनी घातला, मग उसवून त्याचे मोजे झाले, मग मोजेही विरले. बदकं उरली ती एका कॅसेटमध्ये.

आता त्या मुलीला मुलगी झाली होती. तिचा फोन आला. "आई, मला दुसरं काही नको. बाळासाठी तस्साच कर. बदकांचा."

"करते की," आई म्हणाली. फोन ठेवल्यावर ती आपल्या बोटांकडे बघत बसली. सांधे सुजलेले. डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगून झालं होतं. "या थंडीत होईल तो होईल," ती नवऱ्याला म्हणाली. "पुढच्या थंडीचं मी काही सांगत नाही." मीठ संपलंय म्हणून सांगावं तशा आवाजात म्हणाली. त्याला तेच लागलं.

त्याने मनाशी ठरवलं, कॅसेट म्हातारी झाली आहे, दर वेळी वाजवली की थोडी झिजते. तर एकदाच नीट वाचून घ्यायची आणि बदकं अशा जागी ठेवायची की ती पुन्हा झिजायला नकोत. दूर कुठल्याशा गावात एक हौशी गृहस्थ अशा जुन्या यंत्रांसाठी सर्किटची छोटी पाटी बनवून देत असे. ती कॉम्प्युटरच्या मागे खोचायची आणि तिच्या खाचेत नखाएवढं मेमरी कार्ड बसवायचं. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला वाटतं, आपल्याला भलीमोठी डिस्क जोडली आहे. पाटी पोस्टाने आली. खटपट्याने कॉम्प्युटरच्या मागचे काळवंडलेले पितळी पट्टे खोडरबराने घासले, एकावर एक दोन चष्मे चढवले आणि पाटीची एक सुटलेली तार डाग देऊन चिकटवली.

ड्रायव्हर आता रिटायर होता आणि त्याची खुर्ची इथंच असे. "तुझ्या लेकीच्या फोनमध्ये अख्खं जग मावतं," तो म्हणाला, "आणि तू या म्हाताऱ्याला नवे दात बसवतोयस."

"दात बसू देत. तुलाच पहिला चावायला सांगतो."

दात बसले. खटपट्याने चार ओळी लिहून कार्डावर ठेवल्या, यंत्र बंद केलं, चालू केलं, मागितल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर! तो एकटाच हसायला लागला. बायकोला हाक मारून पुन्हा करून दाखवलं.

"एवढ्यात?" ती म्हणाली. "पूर्वी तुमचं हे गाडं सुरू होईतो माझी भांडी घासून व्हायची." आणि त्याच दुपारी तिने लोकर आणली. पिवळी, पांढरी आणि चोचींपुरती नारिंगी.

राहिला होता टेप. कॅसेटला इजा नको म्हणून खटपट्याने तो पुरता खोलला. पट्टा नवा घातला, फीत वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं. मग गाण्यांची एक विकतची कॅसेट लावली आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवत फिरवत आवाज असा स्वच्छ आणला की गाणारी बाई खोलीतच उभी आहे असं वाटावं. या टेपवर गाणी नेहमी घोंगडीतून आल्यासारखी लागायची, म्हणून घरात गाण्यासाठी रेडिओच होता. आता बायकोही दाराशी येऊन ऐकून गेली. खटपट्याची छाती फुगली. मग त्याने बदकांची कॅसेट आत सरकवली.

टेप किंचाळायला लागला. कॅसेटमधला मजकूर असाच वाजतो, कर्कश, चिरका. आवाज बंद करायची सोय त्याने मुद्दामच ठेवली नव्हती. ऐकू आलं म्हणजे भरवसा वाटतो. पण थोड्या वेळाने टीव्हीवर तेवढी एकच ओळ उमटली. वाचता येत नाही. त्याने फीत मागे नेली, पुन्हा लावली. वाचता येत नाही. आवाज वाढवला, कमी केला, तारा बदलल्या. नाहीच.

"नाचता येईना अंगण वाकडं," ड्रायव्हर म्हणाला. खटपट्या तारा चाचपतच राहिला, तेव्हा ड्रायव्हर उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. दर खेपेला आपण ती फीत थोडी थोडी खातोय, हे खटपट्याला कळत होतं. शेवटी हात आखडला. "नवी काढशील?" त्याने विचारलं.

"काढीन की. बदकं काय, कशीही काढता येतात." लोकरीचे गुंडे ती पिशवीत परत भरत होती. "पण ती त्या वेळची नव्हेत. तेव्हा ती पोरगी माझ्या मांडीवर बसून बोटानं दाखवत होती, इथं डोळा, इथं डोळा."

तो फोनपाशी जाऊन बसला. मुलीला काय सांगायचं ते जुळेना. उठला आणि, करायचं म्हणून, शेवटचं एकदा टेपचं बटण दाबलं. बायको मोरीपाशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "अहो, त्याला सर्दी झालीय का?"

"कुणाला?"

"तुमच्या टेपला. इतकी वर्षं भांडी घासता घासता ऐकलाय मी तो. कानाला सुई टोचल्यासारखा लागायचा. आज नाकातून बोलतोय."

खटपट्याने बटण सोडलं. गाणं कधी नव्हे ते स्वच्छ आणि कॅसेट नाकातून. त्याच्या डोक्यात लख्ख पडलं आणि त्याने कपाळावर हात मारला. मुलगी रांगत होती तेव्हा तिने तार ओढून हा टेप स्टुलावरून खाली पाडला होता. हेड तेव्हाच कललं. कललेल्या हेडनेच पुढची सगळी वर्षं लिहिलं आणि कललेल्या हेडनेच वाचलं. म्हणून घरच्या कॅसेट सुरळीत आणि विकतची गाणी घोंगडीतून! याने आता हेड सरळ केलं, म्हणजे घरचं अक्षर तिरकं आणि वाचणारा ताठ.

"सरळ करून ठेवलं मी," तो म्हणाला. त्याचा आवाज चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"मग करा वाकडं. त्यात काय?"

"किती वाकडं, ते कुणाला ठाऊक?"

बायकोने हात पुसले, स्टूल ओढलं आणि टेपला कान लावून बसली. त्याने बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला. जन्मात पहिल्यांदा तो एखादी वस्तू जाणूनबुजून वाकडी करत होता.

"अजून."

"एवढं?"

"अजून जरा. अहो, घाबरता काय, पाडलं तेव्हा तिनं विचारलं होतं का? हां... हां, थांबा. पुढे गेलात. मागे या, केसभर. हं!" तिने डोळे मिटले. "टोचला."

फीत मागे नेली. बटण दाबलं. दोघं एकमेकांकडे न बघता ती चिरकी किंचाळी शेवटपर्यंत ऐकत राहिली. टेप थांबला. टीव्ही क्षणभर काळा झाला, मग चौकोनाचौकोनांनी बदकं उगवली. सगळी पुढे निघालेली आणि एक मागे बघणारं.

"हात्तिच्या," बायको म्हणाली, "केवढी जाडी काढली होती मी." आणि पदर डोळ्यांना लावला.

त्याने बदकं कार्डावर ठेवली. पातं लवायच्या आत झालं. ती म्हणाली, "पुन्हा एकदा ठेवा, माझा नाही विश्वास." त्याने पुन्हा ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवीतली लोकर काढून मशीनवर चढवली. साध्या ओळी कशाबशा झाल्या. बदकांच्या पायांशी आली, सुया एकेक करून पुढे ढकलायची वेळ आली, तेव्हा बोटं वळेनात. दोनदा प्रयत्न केला. मग हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघायला लागली. खटपट्या टीव्हीपाशी होता. त्याने पाहिलं, तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कॉम्प्युटर उचलून तिच्या मांडीवर ठेवला, तारा लांब केल्या, आणि स्वतः मशीनसमोर बसला.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"वाच तू. बटण तुझ्याकडं."

"दोन मागे, तीन पुढे. अहो, ओढू नका! ढकला. टाइपरायटर नाही तो."

त्याने ढकलल्या. गाडा सरकवला. ओळ पडली. त्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं.

तिने जवळ वाकून ओळ न्याहाळली. "एक सुई चुकली," ती म्हणाली. "उसवा."

तो उसवायला लागला.