न वळणारी बारा फुटी फळी

मी धन्यकुमार, सांगलीतला हळदीचा व्यापारी. वय बावन्न, वजन विचारू नका. पोहायला कृष्णेत शिकलो आणि तेवढ्यावर समुद्रात उतरलो. गुहागरला लाटांवर उभं राहायला शिकवणाऱ्या रेश्मानं मला आधी छोट्या फळीवर झोपवलं. फळी पाण्याखाली गेली, मी म्हशीसारखा वर तरंगलो. ती आदबीनं म्हणाली, "काका, तुम्हाला लांबच बोर्ड लागेल."

म्हणून बारा फुटी सर्फबोर्ड घेतला. तो घराच्या जिन्यात वळत नाही, त्यामुळं गोदामात हळदीच्या पोत्यांवर झोपतो. गाडीच्या टपावर बांधून निघालो की पाटणला चहाच्या टपरीवर हमखास कुणीतरी विचारतं, "दार कुठल्या देवळाचं म्हणायचं?" वाळूवरून नेताना वारा सुटला तर मी त्याला नेत नाही, तो मला नेतो.

पण सुख काय सांगू! लाट अजून नुसती फुगत असते, तेव्हाच तो तिला धरतो. तरणी पोरं छोट्या फळ्यांवर हात मारून मारून दमतात आणि मी हात पाठीशी बांधून, पेठेत फिरायला निघाल्यासारखा त्यांच्यामधून जातो. आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. येत काही नसतं. सगळं फळीच करते.

फक्त ती वळत नाही.

गेल्या थंडीत आटपाडीचा माझा मित्र दादासो बरोबर आला होता. त्याच्या घरी पिढीजात मेंढरं, आता डाळिंबाची बाग. त्याच्यासमोर रुबाब करावा म्हणून मी आत गेलो. लाटही झकास मिळाली. समोर उथळ पाण्यात एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. मी डावीकडं झुकलो, फळी सरळ. उजवीकडं झुकलो, तरी सरळ.

"आवं, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

नवरदेव पळाला, एकटाच. नवरीच्या पायात ओली साडी गुंतलेली, तिला हलता येईना. शेवटी मी उडी टाकली. पायाला बांधलेल्या दोरीनं फळी कशीबशी अडली आणि मी पालथा पडलो, तोंडात वाळू.

नवरीनंच मला हात देऊन उठवलं. "लागलं का काका?" मग किनाऱ्याकडं वळून म्हणाली, "आणि तू पळालास?" पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

"गड्या, आमचा म्हातारा एडकाबी एवढा सरळ जात न्हाई," दादासो म्हणाला. "तीन फूट काप की ह्येचं."

पुढच्या खेपेला मी रेश्माकडची नऊ फुटी फळी मागून घेतली. ती इतकी चटकन वळायची की ती एकीकडं आणि मी दुसरीकडं. सकाळभर खारं पाणी प्यालो. दुपारी मुकाट्यानं आपली बारा फुटी गाडीच्या टपावरून सोडवून घेतली.

त्या दिवशी बायको, चंदनबाला, बरोबर होती. दिवस मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम, म्हणून ती किनाऱ्यावर डबा उघडून बसली होती. जेवण उरकून ती कमरेएवढ्या पाण्यात आली.

"ह्येच्यावर दोघं मावतील न्हाई?"

मावलो. ती पुढं बसली, मी मागं उभा राहिलो. लाट गुडघाभरच होती, पण ती किनाऱ्यापर्यंत लहान पोरीसारखी ओरडत होती. मी असा मोकळा आवाज तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

वाळूला लागताच ती म्हणाली, "परत. आता मी उभी राहते, तुमी बसा."

मी बसलो.