फ्लक्सची गादी

आता माझी फजिती मीच सांगतो, बाहेरून ऐकाल तर तिला मीठमसाला लागलेला असेल! ऐका, आणि तुम्हीच ठरवा, चूक माझी होती की भाषेची?

मी मूळचा सीमेवरच्या बोरगावचा. बेळगावच्या कारखान्यात लेथच्या हत्यारांना टिपा, म्हणजे कठीण धातूची टोकं, झाळण्यात माझा जन्म गेला. झाळकामात टाकणखार, म्हणजे आमचा फ्लक्स, नसेल तर सांधा धरणार काय? कप्पाळ!

यंदा मालकांनी व्हॅक्यूम भट्टी आणली, आतली सगळी हवा काढून मग तापवायची. काम काय, तर कार्बन कंपोझिटच्या काळ्या चकतीला टायटॅनियमचा तुकडा झाळायचा. अहो, कोळशाला कधी धातू चिकटतो का?

मालक म्हणाले, "अण्णा, पयला नमुना जमला की भट्टी तुमच्या ताब्यात." झालं! घरी जाऊन मी बायकोला सांगूनही टाकलं.

भट्टी लावायच्या दिवशी बंगळूरहून आलेल्या नव्या साहेबांचा फोन आला. कन्नडमध्ये म्हणाले, दोन्हींच्या मधे झाळाची पातळ फॉइल ठेवा. आणि शेवटी, "फ्लक्स बेड!"

"हौद्री सर," म्हणून मी फोन ठेवला. कन्नड काय, आमच्या घरातलंच.

आता तुम्हीच सांगा, कारखान्यात बेड म्हणजे काय? लेथला बेड असतो. ओतकामात वाळूचा बेड असतो. बेड म्हणजे खालची गादी! म्हटलं, चला, साहेबाला टाकणखाराची किंमत कळली एकदाची. अर्धा डबा ओतून बोटभर जाड गादी केली आणि नमुना तिच्यावर तान्ह्या बाळासारखा झोपवला.

संध्याकाळी मालक, साहेब, सगळ्यांसमोर दार उघडलं. आत भट्टी पांढरीफटक! फ्लक्स उकळून भिंतींना बसलेला. चकती एकीकडे, तुकडा दुसरीकडे.

"फ्लक्स कुणी घातला? व्हॅक्यूममध्ये फ्लक्स चालत न्हाई!" मालक ओरडले.

"साहेबांनीच सांगितलं की! फ्लक्स बेड!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मालक म्हणाले, "अण्णा, बेड म्हंजे नको! कन्नड घरचं म्हणून सांगता न्हवं?"

मग मात्र माझं टाळकं सटकलं. "मालक, आमच्याकडं नको म्हणायला 'ब्याड' म्हणत्यात! चा ब्याड, शेंगा ब्याड! ह्यो बेड कुठनं काढला ह्यांनी? बेडवर माणूस झोपतंय! हितं काम करायचं तर हितलं कन्नड शिकाय नको व्हय?"

भट्टी राहिली बाजूला. मी भर कारखान्यात साहेबांकडून चार वेळा 'ब्याड' म्हणवून घेतलं. 'ब्या'वर जोर द्यायला लावून! बिचारे मुकाट्यानं म्हणाले.

मालकांनी सुस्कारा सोडला आणि साहेबांना विचारलं, "मग सर, भट्टी अण्णांच्याच ताब्यात द्यायची का?"

साहेबांनी एकदा पांढऱ्या भट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अस्सल बोरगावच्या ठसक्यात म्हणाले, "ब्याड!"

उच्चारात चूक काढायलासुद्धा जागा नव्हती हो!