कोटाच्या रांगेतला रसिक

न्युरेम्बर्गला एका म्हाताऱ्या झालेल्या फोक-रॉक बँडचा कार्यक्रम होता. मुलाला ताप म्हणून बायको घरी थांबली. "शेवटचं गाणं माझ्यासाठी नीट ऐक," असं तिनं बजावलं होतं.

नेमकं तेच सुरू झालं आणि मी बाहेर सटकलो. इथं आत शिरताना कोट खिडकीवर जमा करावा लागतो आणि नंतर तो परत घ्यायला ही मोठी रांग लागते. खिडकीपाशी एकजण माझ्याही आधी हजर होता. पांढऱ्या केसांची पोनी, बँडचा जुना टी-शर्ट पोटावर ताणलेला. कोट मिळाला तरी गडी हलेना. दारं उघडून लोक डोळे पुसत बाहेर आले, तसा तो त्यांच्यात मिसळला आणि जड आवाजात म्हणाला, "आल्झो, म्हणजे कसं, शेवटच्या गाण्याला आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही."

चाहत्यांनी आदरानं माना डोलावल्या. एकीनं विचारलं, "तुम्ही नेहमी येता?"

"प्रत्येक दौऱ्याला!"

प्रत्येक दौऱ्याला या गड्याचा कोटच पहिला निघत असणार! त्याचं पितळ उघडं पाडावं असं फार वाटलं, पण माझ्याही अंगात आधीच कोट होता.

घरी बायकोनं दारातच विचारलं, "शेवटचं गाणं कसं झालं रे?"

कोट खुंटीला लावत मी म्हणालो, "आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही गं."