लेस म्हणजे कमी

वेल्ह्यातल्या एका कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा पुण्याला जाणारं प्रत्येक इंग्रजी पत्र माझ्याकडून तपासून घ्यायची पद्धत पडली होती. माझं इंग्रजी चांगलं होतं म्हणून नव्हे. बाकीच्यांना त्याची धास्ती होती आणि मला नव्हती, एवढंच. 'मोअर बेटर' मी वर्षानुवर्षं बिनदिक्कत लिहिलं. नुसतं 'बेटर' मला अर्धा कप चहा दिल्यासारखं वाटायचं.

निवृत्त होऊन उत्रोलीला घरी आलो आणि गेल्या वर्षी बायकोचं खुब्याचं हाड मोडलं. भाटघरची एक मुलगी चार महिने रोज एसटीने येऊन तिचं सगळं करायची. अंघोळ, औषधं, वॉकर धरून अंगणात चालवणं. पुढे तिला पुण्यात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत नोकरी मिळायची शक्यता निर्माण झाली. त्यांना आमचं शिफारसपत्र हवं होतं. मराठीत चालेल, असं ती म्हणालीही. मी ऐकतोय कुठला.

हिच्याइतकी काळजी घेणारी दुसरी कुणी नाही, असं मला लिहायचं होतं. शाळेत घोकलेली 'नो अदर'ची वाक्यं आठवली. सकाळभर खाडाखोड करून लिहिलं, 'नो अदर वुमन इज लेस केअरफुल दॅन शी.' बायकोला वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगितला, म्हणजे मनातला. तिचे डोळे भरून आले.

दुपारी मुलगी आली. तिनं पत्र दोनदा वाचलं.

"काका, लेस म्हंजी कमीच ना?"

"व्हय."

"मग माझ्यापेक्षा कमी काळजी घेणारी दुसरी कुणी न्हाई, असं झालं की."

दोन नकार मिळून होकार होतो वगैरे मी बराच वेळ समजावलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, पण पत्र काही पिशवीत टाकेना. बोलता बोलता माझाच हिशोब चुकायला लागला.

बायको पलंगावरून म्हणाली, "अवो, नोकरी तिला लागायचीय. तिला समजंल असं लिवा."

मग लिहिलं, 'शी इज मोअर केअरफुल दॅन आय ॲम.' मुलीनं शब्दांवर बोट ठेवत तपासलं आणि मान हलवली. अर्थ ऐकून बायको म्हणाली, ह्यात काय विशेष.

आठवड्यानं संस्थेतल्या बाईंचा फोन आला. पत्राविषयी विचारतील म्हणून मी घसा साफ केला. त्यांनी मराठीतच विचारलं, मुलगी वेळेवर येते का आणि पेशंटवर चिडते का. पत्राबद्दल अवाक्षर नाही. वेळेवर येते, चिडत नाही, असं सांगितलं आणि तिला नोकरी लागली.

आता बायकोचं मी करतो. गोळी द्यायला उशीर झाला, तर ती मला काही बोलत नाही. सरळ मोबाईल उचलून पुण्याला त्या मुलीला फोन लावते.