बॅटरीची तार

गाडीतलं ते यंत्र त्यानं मारलं नाही, मी मारलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मी हेडमिस्त्री होतो. तो आमचा वायरमन, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवसापासून आमचं पटलं नाही. मी इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगणारा, तो कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारा. चारचौघांत मी त्याला ‘सीडीवाला डॉक्टर’ म्हणायचो. तोही सोडायचा नाही.

"मिस्त्री, हितनं फुडं नुसती पक्कड घिऊन भागायचं न्हाय," असं तोंडावर म्हणायचा, आणि गिऱ्हाईक हसायचं. ते हसणं मला चावायचं.

एक दिवस एका बागायतदाराची भारी गाडी आली. रस्ता दाखवणारा पडदा डॅशबोर्डात बसवूनच आलेला. गगनबावड्याला जाताना तो बिघडला होता. कंपनीचं चिन्ह यायचं, जायचं, पुन्हा तेच.

"त्यातली बाई वळा-वळा म्हणून डोकं खायची," बागायतदार म्हणाला, "आता दातखीळ बसलीया तिची. पर पावण्यांत लई मिरवलंय मी. बोलती झाली पायजे."

मी म्हणालो, नवीन बसवा. वायरमन म्हणाला, "यंत्र चांगलं हाय. आतला प्रोग्राम बिघडलाय, परत भरला की झालं."

त्यानं पुण्याच्या ओळखीतून रिकव्हरीची सीडी मागवली. गॅरेजचे मालक सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "ह्ये जमलं तर असली कामं तुझ्याकडं. मिस्त्रीला इचारत बसायचं न्हाय."

सीडी आत गेली आणि पडद्यावर पट्टी सरकायला लागली. तेवढ्यात जेवायची वेळ झाली. जाता जाता तो माझ्याजवळ आला. "मिस्त्री, पट्टी भरंस्तवर करंट तुटला तर यंत्र कायमचं मरतंय. आज तेवढी बॅटरीची तार ऱ्हाऊ द्या."

हे सांगायचं कारण आमचा नियम. एकदा उभ्या गाडीनं पेट घेतला होता. तेव्हापासून ज्याच्या हाताखाली गाडी, त्यानं जेवायला जाताना बॅटरीची तार काढून ठेवायची. नियम मीच घातलेला.

सगळे मागच्या पत्र्याखाली डबे सोडत होते. पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली होती. मी दहाचा पाना घेतला आणि तार काढली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की हात सवयीनं गेला. खोटं आहे. तार काढताना मी पडद्याकडं बघत होतो. तो काळा झाला आणि मला बरं वाटलं. मग जाऊन भाकरी खाल्ली, त्याच्याच शेजारी बसून.

परत आलो तेव्हा तो तार हातात धरून ओरडत होता. "मी सांगून गेलतो की मिस्त्रीला! इचारा त्यास्नी!"

मालकांनी विचारलं. मी म्हणालो, "मला काय बोलला न्हाय त्यो. नियमानं त्यानंच काढली आसंल, आन आता इसारला."

तार जोडली, पण पडदा उजळला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

"अर्धवट शिकून गिऱ्हाइकाच्या गाड्या मारतोस व्हय रं?" मालक गरजले, आणि त्याला तिथूनच घालवला. त्याचं घर बौद्ध; मालक आणि मी एका भावकीतले. जातीचा शब्द मी तोंडातून काढला नाही. काढायची गरजच पडली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

‘गाडी मारणारा वायरमन’ हे नाव सगळ्या लायनीत झालं. ते पसरवण्यातही मी कमी पडलो नाही. कुणी त्याच्या हातात गाडी दिली नाही.

पुढं काही वर्षांनी नृसिंहवाडीला जायला मी वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपमध्ये चढलो. स्टिअरिंगवर तो. आरशातून त्यानं मला ओळखलं.

"या मिस्त्री, फुडं बसा," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "बॅटरीकडं मातुर हात न्यायचा न्हाय."

माणसं हसली. तो हसला नाही. वाडीला मी उतरलो, मागं बघितलं नाही.

मालक अजून आहेत, तोही आहे. त्या दोघांसमोर उभं राहून ‘तार मी काढली’ एवढं बोलण्याचं देणं मी त्याला लागतो. इथं लिहिलं म्हणून ते फिटत नाही.