हरल्यावर हसणारा कोच

"कपाळाला आठ्या घाला," डॉक्टर बाई म्हणाल्या.

मी घातल्या. म्हणजे मला वाटलं, घातल्या. त्यांनी टेबलावरचा छोटा आरसा माझ्यासमोर धरला. कपाळाची उजवी बाजू आक्रसली होती. डावी इस्त्री केल्यासारखी सपाट.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या.

देशाच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून मी पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण अर्धा चेहरा गेल्यावर कोणी 'चांगलं आहे' म्हणेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी समजावलं. मेंदूतला झटका असता तर बहुतेक वेळा कपाळ हलतं आणि गाल-ओठ तेवढे लुळे पडतात. तुमचं कपाळही गेलंय, म्हणजे दोष चेहऱ्याकडे येणाऱ्या नसेत असणार. या नसेला फेशियल नर्व्ह म्हणतात. ती कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिथे सुजली की आवळली जाते आणि त्या बाजूचा चेहरा झोपतो. याचं नाव बेल्स पाल्सी. खात्रीसाठी एमआरआय काढू.

मग त्यांनी विचारलं, "सुरू कधी झालं?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "यात स्टिरॉइड पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं बरं. तुमच्याबरोबर तर डॉक्टर फिरत असतात ना?"

असतात. माझी बायको वृंदा शेजारच्या खुर्चीत होती. ती माझ्याकडे बघतेय हे मला न बघताही कळलं.

हे मी लिहितोय ते ज्यांच्या कानामागे उद्या दुखू लागेल त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी क्रिकेटसाठी वाचलं तरी हरकत नाही.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी माझ्या डाव्या कानामागे ठणकत होतं. झोप नव्हती, त्याचं असेल म्हटलं. या नोकरीत झोप नसतेच. संघ जिंकला की खेळाडू जिंकले आणि हरला की कोच हरला, हा हिशोब मला पहिल्या दिवसापासून तोंडपाठ होता. सामन्याच्या सकाळी चहा घेताना तो डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला. आरशात पाहिलं तर तोंड जरासं तिरकं.

वृंदाला फोन केला. "बसमध्ये एसीचं वारं लागलंय बहुतेक."

"डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली.

दाखवलं नाही. आमचा मुख्य वेगवान गोलंदाज मांडी धरून बसला होता आणि संघाचे डॉक्टर त्याच्यात गुंतले होते. सामन्याच्या सकाळी कोचने 'माझं तोंड वाकडं होतंय' म्हणायचं? पोरं काय सामना खेळतील? टोपी पुढे ओढली, गॉगल लावला, बसमध्ये पुढच्या सीटवर बसलो. मैदानात दुखणं लपवायचं हे आम्ही लहानपणापासून शिकतो. बोट मोडलं तरी ग्लव्ह काढायचा नाही. त्याचंच कौतुक होतं आमच्यात.

आम्ही हरलो. कसे हरलो ते सगळ्यांनी पाहिलंय, मी सांगत नाही.

नंतर पत्रकार परिषद. गॉगल काढून बसावं लागलं. आता बेल्स पाल्सीत काय होतं, ते सांगतो. डावी बाजू ढिली पडली की उजवी तिला आपल्याकडे ओढते. माणूस बोलायला लागला की ओठ एकाच बाजूला वर जातो. लांबून ते छद्मी हसल्यासारखं दिसतं. मी पराभवाची जबाबदारी घेत होतो, अगदी मनापासून, आणि सगळा देश मला हसताना बघत होता.

रात्रीपर्यंत ते दहा-बारा सेकंद प्रत्येकाच्या मोबाइलवर होते. 'हरल्यावर हसणारा कोच.' कुणी त्याला गाणं लावलं. कुठल्याशा शहरात माझा पुतळा जाळला. पुतळ्याचं तोंडही वाकडं केलं होतं, हे मात्र कौतुकाने सांगायला हवं.

मला काही वाटलं नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण नाहीच वाटलं. ना राग, ना लाज. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसतो ना, तसं आतून झालं होतं. परत आल्यावरही मी डॉक्टरकडे गेलो नाही. आता दुखणं सांगितलं तर लोक म्हणणार, बघा, बहाणा शोधला. गाडी केली आणि मुंबईत न थांबता थेट रत्नागिरी गाठली.

वृंदाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पर्स घेऊन आली. "चला," म्हणाली. मला बूटही काढू दिले नाहीत.

एमआरआय ठीक निघाला. प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड सुरू झालं. त्याने नसेची सूज उतरते, पण साखर वाढू शकते, म्हणून रक्त तपासत राहायचं. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, पायरीपायरीने कमी करायच्या.

डॉक्टर बाईंनी सगळ्यात जास्त दटावलं ते डोळ्यावरून. डावा डोळा मिटत नव्हता आणि त्याचं पाणीही आटलं होतं. "चेहरा उशिरा आला तरी चालेल. पण बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर डोळा जाईल," त्या म्हणाल्या. दिवसा दर दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप, झोपताना मलम आणि वर चिकटपट्टी. ड्रॉपची बाटली वृंदाने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. माझ्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता.

जिभेच्या डाव्या पुढच्या भागाची चव गेली होती. बांगड्याची आमटी उजवीकडे आमटी आणि डावीकडे नुसतं गरम पाणी. सोलकढी ओठातून गळायची, म्हणून चमच्याने पीत होतो. पुतळा जाळल्यापासून आमच्या पडवीत एक पोलीस बसलेला असे. वृंदा त्याला चहा द्यायची आणि तो कप भरून, एक थेंब न सांडता प्यायचा. मी खिडकीतून त्याच्याकडे बघत बसायचो.

मग बोर्डाच्या सचिवांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. "पुढच्या दौऱ्याआधी मुंबईत पत्रकार परिषद आहे. तुम्ही नीट चेहऱ्याने समोर आलात की सगळं विसरलं जाईल. नाहीतर वरचे लोक दुसरं नाव घेऊन तयार आहेत."

"आजाराचं सांगून टाकू या का?"

"आत्ता नको. कारण दिल्यासारखं दिसेल."

म्हणजे दौऱ्यापर्यंत तोंड सरळ, नाहीतर पद गेलं. हातात दीड महिना होता.

माझी फिजिओथेरपिस्ट प्राची नावाची मुलगी होती. तिने आरशासमोर बसवलं. भुवया वर करा. नाक फेंदारा. गाल फुगवा, हवा सोडू नका. आणि मोठ्याने म्हणा: प, फ, ब, भ, म.

म्हणून बघा. यातलं एकही अक्षर ओठ मिटल्याशिवाय येत नाही. माझा 'प' हवेत फुस्स व्हायचा. आणि क्रिकेटचे निम्मे शब्द ओठांचेच. बॅट, बॉल, पॅड, बोलर, फील्डर. ज्याच्यावर आयुष्य काढलं ते मला उच्चारता येईना.

"सर, जोर नका लावू," प्राची म्हणायची. "जोर लावला की चांगली बाजूच काम करते. वाईट बाजूला हळू विचारायचं."

मी जोर लावायचो. सकाळ, दुपार, संध्याकाळ आरसा. पेपर वाचत नव्हतो, कोणाशी बोलत नव्हतो, मुलीचा पुण्याहून फोन आला तर वृंदाकडे द्यायचो. कशाचंच काही वाटत नव्हतं. फक्त ती खुर्ची जाऊ द्यायची नव्हती. का, ते तेव्हा विचारलं असतंत तर मला सांगता आलं नसतं.

दोनेक आठवड्यांनी कोल्हापूरला नर्व्ह कंडक्शनची तपासणी झाली. यात नसेला विजेचे बारीक चिमटे देऊन ती किती जागी आहे ते बघतात. बाहेर बाकावर शेजारच्या गृहस्थांनी मला ओळखलं. आता हा शिव्या घालणार म्हणून मी तयार राहिलो. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरेरे. म्हणजे तुम्ही हसत नव्हता होय!" मग नंबर लागला म्हणून उठून गेले. त्या दिवसापर्यंत असं म्हणणारे ते एकटेच.

रिपोर्ट बघून डॉक्टर बाई म्हणाल्या, "नस जिवंत आहे. पण सावकाश आहे. तीन महिने, कदाचित सहा. तुमच्या दौऱ्याचं वेळापत्रक तिला माहीत नाही."

पुढचे तीन आठवडे पुन्हा आरसा. पत्रकार परिषदेला थोडेच दिवस उरले. ओठाचा कोपरा किंचित उचलला जायला लागला होता. मी ठरवलं, जायचं. उजव्या बाजूने बसेन, कमी बोलेन.

जायच्या आधी वृंदा म्हणाली, "गावी जाऊन येऊ. अण्णांनी बोलावलंय."

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे. अण्णा माझे चुलते, ग्रामदेवतेच्या देवळातले मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं तेच घालतात. ज्याचं काम असेल तो नारळ ठेवतो, अण्णा देवाला सगळं खणखणीत सांगतात, आणि दर वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानेही म्हणायचं, नाहीतर ते पुरं होत नाही. मी कोच झाल्यापासून प्रत्येक स्पर्धेआधी आमच्या गावाने देवाकडे कप मागितला होता.

देवळात पंचवीस-तीस माणसं होती. अण्णांनी माझी हनुवटी धरून तोंड इकडून तिकडून पाहिलं. "मेल्या बाळ्या, हे काय करून घेतलंस!" देशात मला सर म्हणतात. इथे बाळ्या.

मी नारळ ठेवला. दौरा नीट पार पडू दे, एवढंच मागायचं असेल अशी माझी समजूत. हात जोडून उभा राहिलो. अण्णांनी सुरू केलं.

"रे बा म्हाराजा! तू ह्या गावचा राखणदार, वाडीवाडीचा धनी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्यापुढं नारळ ठेवलान हाय, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आजवर आम्ही तुझ्याकडं कप मागितला. वाटला तवा दिलास, वाटला तवा नाय दिलास. आमचा तुझ्यावर राग नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"पण त्या कपापायी आमच्या पोराचं तोंड वाकडं झालं म्हाराजा! त्याला हसता येत नाय, नि लोक म्हंतात हसला. तर त्याचं तोंड सरळ कर, नि त्या नोकरीतनं त्याला मोकळा कर म्हाराजा! टीमला दुसरा कोच मिळल. आमाला दुसरा बाळ्या मिळायचा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं देऊळ ओरडलं. सगळ्यात वरचा आवाज वृंदाचा होता.

मला त्यांनी विचारलंही नव्हतं! अण्णा देवाकडे तोंड करूनच थांबले. कोणी हललं नाही. सगळे माझी वाट बघत होते, आणि कोणालाही माझ्याकडून कप नको होता. इतकी वर्षं मला भेटणाऱ्या प्रत्येकाला कप हवा होता.

म्हणायला गेलो आणि 'म' वर अडकलो. ओठ मिटेनात. जोर लावला, नाही. मग जोर सोडला.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

हळूच आलं, पण 'म' सकट आलं. आणि मग मी रडलो. आवाज करून रडलो, लहान पोरासारखा, सगळ्यांच्या देखत. त्या सामन्यानंतर पहिल्यांदा मला वाईट वाटलं. किती वाईट वाटलं ते सांगता येणार नाही.

ड्रॉपची वेळ झाली होती. वृंदाने पर्समधून बाटली काढली, माझी मान वर केली आणि झाकण उघडता उघडता थांबली. डावा डोळा ओला होता. तिने तो पदराने टिपला, बाटली परत पर्समध्ये टाकली आणि नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

तर कानामागे दुखलं, चहा सांडला, डोळा मिटेना झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. वारं लागलं म्हणून तेल चोळत बसू नका. त्या दिवशी तुमचा सामना असला तरी जा. डॉक्टर बाईंचे, प्राचीचे आणि कोल्हापूरच्या बाकावरच्या त्या गृहस्थांचे आभार मानतो.

सचिवांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि पद सोडतोय म्हणून सांगितलं. त्यांनी निरोपाचं छान बोलून घेतलं, मग विचारलं, "कारण काय लिहू? प्रकृती?"

"नको," मी म्हणालो. "लिहा, गावाने आपला माणूस परत मागून घेतला."

ते हसले. मीही हसलो. एका बाजूने की दोन्ही, ते माहीत नाही. समोर आरसा नव्हता.